टूडी बारकोडच्या (क्यूआरसारख्या चौकोनी कोडच्या) छपाईची तपासणी: कोणाला लागते, कागदपत्रं कोणती, अर्ज कसा करायचा

रबाळे एमआयडीसीत लेबल छापणाऱ्या एका युनिटमध्ये मी क्वालिटीचं काम बघते. आठवड्यात एखादा तरी फोन येतोच: "मॅडम, बारकोडचं सर्टिफिकेट कुठे काढायचं?" विचारणारा कधी महाप्यातला औषध उत्पादक असतो, कधी वागळे इस्टेटमधला कार्टन छापणारा. या एका प्रश्नात तीन निराळी कामं मिसळलेली असतात. नंबर मिळवणं हे एक, कोडमध्ये योग्य माहिती भरणं हे दुसरं, आणि तो कोड कागदावर नीट उतरला आहे हे यंत्राने तपासून दाखवणं हे तिसरं. तिन्ही कामांसाठी वेगळीकडे जावं लागतं आणि कागदही वेगळे लागतात. लोक नंबरासाठी पैसे भरतात, माहितीवर एकदा नजर टाकतात आणि तिसरं काम मोबाइलने कोड स्कॅन करून उरकतात. माल परत येतो तो बहुतेक या तिसऱ्या कामापायीच.

कोणाला लागतं

औषधवाल्यांना तर लागतंच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी जी.एस.आर. ८२३(ई) ही अधिसूचना काढून औषध नियम १९४५ मध्ये शेड्यूल एच-२ ही औषधांची यादी घातली. तिच्यातल्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो प्राथमिक वेष्टनावर, म्हणजे पट्टीवर किंवा बाटलीच्या लेबलवर हवा. तिथे जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालतो. औषधाचा कच्चा माल, म्हणजे एपीआय बनवणाऱ्यांसाठी १८ जानेवारी २०२२ ची वेगळी अधिसूचना आहे. तिच्यानुसार १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनाच्या प्रत्येक पातळीवरच्या लेबलवर क्यूआर लागतो.

या नियमांत छपाईच्या ग्रेडचा, म्हणजे दर्जाला मिळणाऱ्या गुणांचा, आकडा नाही. कोडमधली माहिती सॉफ्टवेअरने वाचता आली पाहिजे, एवढीच अट आहे. त्यामुळे "एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) ग्रेडचं सर्टिफिकेट" असा काही कागद नसतो, आणि तो काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ग्रेडची अट येते ती बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या मानकातून, खरेदीदाराच्या करारातून किंवा माल जिथे जाणार त्या देशाच्या कायद्यातून. युरोपात ९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू असलेला नियम (२०१६/१६१) तर स्पष्ट आहे. उत्पादकाने डेटा मॅट्रिक्सच्या (क्यूआरसारखाच काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कोड) छपाईचे गुण स्वतः मोजायचे, आणि आयएसओ/आयईसी १५४१५ या छपाई मोजण्याच्या मानकाप्रमाणे किमान १.५ ग्रेड मिळाला की अट पुरी झाली असं धरलं जातं. औषधं निर्यात करत असाल तर हा आकडा पाठच करून ठेवा.

नंबर: जीएस१ इंडियाची नोंदणी

हे काम सोपं आहे. प्रोप्रायटर, भागीदारी फर्म, कंपनी, ट्रस्ट, कोणीही अर्ज करू शकतं. अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, संस्था स्थापन झाल्याचा पुरावा (भागीदारीपत्र किंवा इनकॉर्पोरेशन सर्टिफिकेट), उलाढाल दाखवणारा ताळेबंद, रद्द केलेला चेक आणि लेटरहेडवरचं विनंतीपत्र तयार ठेवा. शुल्क उलाढालीवर आणि किती नंबर हवेत त्यावर ठरतं. सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः एकच असू द्या. पॅनवर 'अँड सन्स' आणि जीएसटीवर 'ॲण्ड सन्स प्रा. लि.' असलं की अर्ज तिथेच अडकतो.

नंबर ब्रँड ज्याचा त्याच्या नावावर हवा. छपाईवाल्याने किंवा लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडसाठी आपल्या कारखान्यात, माल बनवून देणाऱ्याने आपला नंबर दुसऱ्याला वापरायला देऊ नये. ऑनलाइन स्वस्तात विकले जाणारे सुटे नंबर तर घेऊच नका, कारण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघतात. सुरुवातीचे ८९० हे आकडे नंबर भारतात दिला गेल्याचे आहेत, माल भारतात बनल्याचे नव्हेत.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या शुल्काचा काही भाग परत मिळू शकतो. केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेत बारकोडचा घटक आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि शुल्क भरल्याची पावती जपून ठेवा. आपल्या भागासाठीचं एमएसएमईचं कार्यालय कुर्ला-अंधेरी रोडवर साकीनाक्याला आहे. जाण्याआधी त्या वर्षी अर्ज घेणं चालू आहे का, ते विचारून घ्या.

कोडमधली माहिती

शेड्यूल एच-२ साठी आठ गोष्टी लागतात: उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचं जेनेरिक नाव, ब्रँड नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक. एवढं सगळं पट्टीवरच्या नखाएवढ्या जागेत बसवायचं असतं. माहिती वाढली की कोडमधल्या चौकटी वाढतात. जागा तेवढीच, म्हणून प्रत्येक चौकट बारीक होते आणि ग्रेडही त्याबरोबर उतरतो.

इथे एक युक्ती आहे, ती सगळ्यांना माहीत असायला हवी. क्यूआरमध्ये फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं असतील तर माहिती दाबून बसते. स्वल्पविराम त्या मोजक्या चिन्हांत नाही. एक लहान अक्षर किंवा एक स्वल्पविराम पडला की तो भाग जास्त जागा खाऊ लागतो. मध्यम पातळीच्या त्रुटिसुधारणेसह (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावा म्हणून भरलेली जास्तीची माहिती) दोनशे अक्षरं लहान-मोठी मिसळून भरली तर ५७ × ५७ चौकटींचा कोड लागतो. तीच दोनशे अक्षरं सगळी मोठी आणि स्वल्पविरामाविना भरली तर ४९ × ४९ मध्ये मावतात. भोवतीची मोकळी पट्टी (क्यूआरला चारही बाजूंना चार चौकटी) धरून ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर, एका चौकटीला तीन ठिपके धरले, तर रुंदी साडेसोळा मिलीमीटरवरून साडेचौदावर येते. पट्टीवर दोन मिलीमीटर म्हणजे खूप झाले.

चौकट नेहमी ठिपक्यांच्या पूर्ण पटीत ठेवा, दोन, तीन किंवा चार. डिझायनर आर्टवर्कमध्ये कोपरा धरून कोड ताणतो, मग काही चौकटी तीन ठिपक्यांच्या तर काही चार ठिपक्यांच्या छापल्या जातात. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र लगेच कळतो.

जीएस१ डेटा मॅट्रिक्समध्ये आणखी एक चूक वारंवार सापडते. बॅच नंबराची लांबी ठरलेली नसते, म्हणून त्याच्यापुढे आणखी माहिती असेल तर मध्ये विभाजक चिन्ह लागतं. ते राहिलं की पुढचा अनुक्रमांकही बॅचचाच भाग म्हणून वाचला जातो. स्कॅनर आनंदाने बीप देतो आणि गोदामात बॅच सापडत नाही.

ग्रेड: "ताई, स्कॅन होतंय ना!"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. गेल्या पावसाळ्यात दुपारच्या शिफ्टला मशीनवरच्या दादांनी मला तेच म्हणत लेबल दाखवलं. हातातल्या स्कॅनरने दहा वेळा वाचलं, दहाही वेळा बीप. मी लेबल खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. डेटा मॅट्रिक्सच्या डाव्या कडेच्या जाड काळ्या पट्टीतून केसाइतकी पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. थर्मल प्रिंटहेडचा एक ठिपका मेला होता. तोच रोल आदल्या आठवड्यात एका ग्राहकाकडून परत आला होता, कारण त्यांच्या कन्व्हेयरवरच्या कॅमेऱ्याला पाचातलं एक लेबल वाचता येत नव्हतं.

स्कॅनर आणि व्हेरिफायर यांतला फरक इथेच आहे. स्कॅनर बनवतात तोच मुळी चुका पोटात घालून वाचण्यासाठी. तो उजेड कमी-जास्त करतो, पुन्हा फोटो घेतो, तुटलेला भाग त्रुटिसुधारणेने भरून काढतो. त्याचा बीप सांगतो की या यंत्राने, या क्षणी, या अंतरावरून कोड वाचला. पुढच्या गोदामातला जुना स्कॅनर वाचेल का, हे त्यातून कळत नाही. व्हेरिफायर उलट वागतो. ठरलेलं अंतर, ठरलेला ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, चारही बाजूंनी ४५ अंशांत, आणि कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणित कार्डावर जुळवून घेतलेला, कॅमेरा. तो काही पोटात घालत नाही, मोजतो.

आयएसओ/आयईसी १५४१५ प्रमाणे तो बऱ्याच गोष्टी पाहतो. काळ्या-पांढऱ्यातला फरक ७० टक्के किंवा जास्त असेल तर पूर्ण चार गुण, ४० च्या खाली गेला की सीसुद्धा मिळत नाही. प्रत्येक चौकट पुरेशी काळी किंवा पांढरी आहे का, कोड एका दिशेने ताणला गेला आहे का, जाळी वाकडी झाली आहे का, कडेच्या ओळखखुणा शाबूत आहेत का, आणि त्रुटिसुधारणेची किती शिल्लक उरली आहे. प्रत्येकाला ४ ते ० गुण, म्हणजे ए, बी, सी, डी आणि एफ. अंतिम ग्रेड सरासरीने ठरत नाही. सगळ्यात कमी गुण ज्यात, तोच पूर्ण कोडचा ग्रेड. दहावीला सगळ्या विषयांत नव्वद आणि गणितात नापास, तर निकाल नापासच, तसं. त्या लेबलला काळ्या-पांढऱ्याच्या फरकात ४ होते, शिल्लक सुधारणेत ४ होते, ओळखखुणेत १. निकाल १, म्हणजे डी.

या मोजणीमुळे एरवी न सुचणाऱ्या गोष्टी कळतात. लाल शाईत छापलेला कोड आपल्याला ठळक दिसतो, पण लाल प्रकाशात तो कागदासारखाच उजळ दिसतो, यंत्रासाठी कोड जवळपास नसतोच. तपकिरी खोक्यावर पार्श्वभूमीच काळवंडलेली, म्हणून फरकाचे गुण कापले जातात. चमकत्या फॉइलवर प्रकाश परत फेकला जातो. व्हार्निशवरून इंकजेट मारली तर शाई मुरत नाही, पसरते. मशीनचा वेग मध्येच हलला की कोड एका दिशेने ताणला जातो.

हातातलं यंत्र घेताना आणि धरताना

बाजारात हातात धरायची दोन प्रकारची यंत्रं एकसारखी दिसतात. काही स्कॅनर स्क्रीनवर ग्रेडसारखं अक्षर दाखवतात. छपाई सकाळपासून बिघडत चालली आहे का, हे पाहायला ते उपयोगी आहेत आणि मशीनपाशी असायलाच हवेत. पण त्यांचा आकडा ग्राहकाला देण्यासाठी नाही. खरा व्हेरिफायर विकणाऱ्याकडे आयएसओ/आयईसी १५४२६-२ चं अनुरूपता प्रमाणपत्र आणि प्रमाणित कॅलिब्रेशन कार्ड मागा. ही दोन नसतील तर ते महागडं स्कॅनरच समजा.

शिफ्टच्या सुरुवातीला कार्डावर कॅलिब्रेट करा. कार्डालाही मुदत असते, ते पाकिटात ठेवा, बोट लावू नका. यंत्राचं तोंड लेबलवर पूर्ण टेकवा, कडेतून ट्यूबलाइटचा उजेड आत गेला तर फरकाचे गुण खोटे येतात. लेबल अंतिम रूपातच तपासा, म्हणजे लॅमिनेशन झाल्यावर, खोका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत असाल तर गुंडाळल्यावर. खालचा रंगही तोच हवा. पातळ लेबल पांढऱ्या टेबलावर तपासलं आणि प्रत्यक्षात ते गडद बाटलीवर लागलं, तर तो रिपोर्ट निरुपयोगी.

बाहेरून रिपोर्ट घ्यायचा असेल तर

स्वतःचं यंत्र नसेल तर जीएस१ इंडियाची बारकोड तपासणी सेवा आहे, आणि खाजगी प्रयोगशाळाही आहेत. प्रयोगशाळेला कोणत्या तपासणीसाठी मान्यता आहे, ते मान्यतेच्या व्याप्तीत वाचून घ्या. नुसता लोगो पुरेसा नाही.

पात्रतेची अट कडक नाही, ब्रँडधारक, उत्पादक किंवा छपाई करणारा कोणीही नमुना देऊ शकतो. मात्र जीएस१ प्रमाणे निकाल हवा असेल तर नंबर वापरण्याचा अधिकार दाखवणारं नोंदणीपत्र जोडावं लागतं, आणि छपाईवाला पाठवत असेल तर ब्रँडधारकाचं संमतीपत्र. लेटरहेडवरच्या अर्जात कोडचा प्रकार, कोडमध्ये अपेक्षित असलेली नेमकी माहिती, चौकटीचा आकार, छपाईची पद्धत, कागद किंवा फॉइल, आणि कोणत्या मानकाप्रमाणे किती किमान ग्रेड हवा हे लिहा. अपेक्षित माहिती लिहिली नाही तर प्रयोगशाळा छपाई तपासते, पण आतला बॅच नंबर चुकला आहे हे कोणी सांगत नाही.

नमुने रोलच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काढा, चांगले दिसतात ते निवडून नव्हे. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सपाट ठेवून पाठवा. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत, कारण दमट कागद वाकतो. आम्ही तातडीचे नमुने ट्रान्स हार्बर लोकलने माणसाबरोबरच पाठवतो.

रिपोर्टवर '१.५/०८/६६०' असा निकाल दिसेल. पहिला आकडा ग्रेड, दुसरा मोजणीच्या छिद्राचा आकार (इंचाचे हजारावे भाग), तिसरा प्रकाशाची तरंगलांबी. मागचे दोन आकडे ग्राहकाच्या अटीशी जुळत नसतील तर पहिल्याला अर्थ नाही. मानकाचं वर्षही जुळवून पाहा.

औषध परवान्याशी जोडलेल्या शंका असतील तर नवी मुंबई-ठाण्यासाठी एफडीएचं कोकण विभागाचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये वरदान इमारतीत आहे. तळोज्याचं युनिट रायगड जिल्ह्यात येतं, अर्जावर जिल्हा लिहिताना तिथे बऱ्याच जणांची चूक होते.

रिपोर्ट बॅच रेकॉर्डला लावून ठेवा, सोबत तपासलेलं लेबलही चिकटवा. युरोपचा नियम कोड वाचता येण्याची मुदत मुदतबाह्य तारखेनंतर एक वर्ष किंवा विक्रीसाठी सोडल्यापासून पाच वर्षं, यांतली जी जास्त ती धरतो. आमच्या कपाटातल्या फायली आम्ही त्याच हिशेबाने ठेवतो, आणि थर्मल कागदावरचा रिपोर्ट असेल तर त्याची झेरॉक्स काढूनच, कारण मूळ कागद वर्षभरात पांढरा पडायला लागतो.