सेवानोंद-दुरुस्ती, लष्करी (अमेरिका)

अमेरिकेच्या सैन्यदलांतून कार्यमुक्त झालेल्या सैनिकाच्या सेवापत्रकात राहून गेलेली परदेशातील तैनाती, मोहिमेतील सहभाग किंवा मिळालेली पदके मागाहून पुराव्यानिशी नोंदवून घेण्याची ही प्रक्रिया आहे. चूक बहुधा कारकुनी असते आणि तीत सैनिकाचा दोष नसतो; तरीही ती दाखवून देण्याचे आणि सिद्ध करण्याचे काम त्याच्यावर किंवा त्याच्या वारसांवर येते. या प्रक्रियेतील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

दुरुस्ती बहुधा ‘डीडी २१४’ या कार्यमुक्ती प्रमाणपत्रात करावी लागते. १९५० पासून अमेरिकेची सर्व सैन्यदले हे प्रमाणपत्र देतात. सेवेचा कालावधी, हुद्दा, परदेशातील व समुद्रावरील सेवा, पदके, बिल्ले आणि शेरे अशा रकान्यांत माणसाची सगळी लष्करी कारकीर्द त्यात एक-दोन पानांवर उतरते. कार्यमुक्तीच्या घाईत, केंद्रावर त्या दिवशी जी कागदपत्रे हाताशी असतील त्यांवरून कारकून ते भरत असे. पदकाचा आदेश तोवर पोहोचलेला नसला, तर पदकाची नोंद होत नसे. आणि एखाद्या पलटणीला सामूहिक गौरव काही वर्षांनी जाहीर झाला, तर घरी परतलेल्या शिपायाला त्याचा पत्ताही लागत नसे. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील भूदलाच्या अनेक प्रमाणपत्रांत परदेशी सेवेपुढे केवळ ‘यूएसएआरपॅक’, म्हणजे पॅसिफिक विभागातील भूदल, एवढेच लिहिलेले आढळते. त्या विभागात व्हिएतनामही आले, जपानही आले आणि हवाईसुद्धा. त्यामुळे सैनिक प्रत्यक्षात कोठे होता, हे त्यावरून कळत नाही.

या त्रुटीचे परिणाम मानापुरते राहत नाहीत. एजंट ऑरेंज या झाडोरा नष्ट करणाऱ्या रसायनाशी संबंधित ठरवलेल्या आजारांसाठी १९९१ च्या कायद्याने माजी सैनिकांना मोठा दिलासा दिला : ठरावीक काळात व्हिएतनाममध्ये सेवा केल्याचे सिद्ध झाले, की रसायनाशी संपर्क आल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने हीच सवलत किनाऱ्यालगतच्या समुद्रातील जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना दिली, तर २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने इराक, अफगाणिस्तान व आखातातील तैनातीत उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर श्वासावाटे घेतलेल्यांनाही तशी तरतूद केली. या सगळ्या तरतुदींत माणूस त्या जागी होता, हेच आधी सिद्ध करावे लागते. मोहीमपदकाचेही तसेच आहे. व्हिएतनाम सेवा पदक ४ जुलै १९६५ ते २८ मार्च १९७३ या काळातील सेवेसाठी मिळते, आणि मोहीमपदक धारण करणाऱ्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या नोकरभरतीत प्राधान्य मिळू शकते. पदक नोंदवलेले नसेल, तर हा हक्क मागण्याचा सोपा आधारच हातून जातो.

मूळ कागद मिळवणे हेच पुष्कळदा सर्वांत अवघड ठरते. भारतीय भूदलात जवानांच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात; मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असे कार्यालय बेळगावला, तर महार रेजिमेंटचे सागरला आहे. अमेरिकेने मात्र कार्यमुक्त सैनिकांच्या फायली मिझुरी राज्यातील सेंट लुइस परिसरात, राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रात, एका छताखाली आणल्या. १२ जुलै १९७३ रोजी त्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात कार्यमुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६४ मधील हवाई दलाच्या, आडनावांच्या वर्णक्रमात ‘हबर्ड’नंतर येणाऱ्या, सुमारे ७५ टक्के फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटही (मायक्रोफिल्म) नव्हता. दोन्ही महायुद्धांत आणि कोरियात लढलेल्या असंख्य माणसांचा सरकारी पुरावा असा नाहीसा झाला. या आगीची हानी आजही पूर्णपणे भरून आलेली नाही, असेच म्हणावे लागते.

जळालेल्या फायलीच्या जागी केंद्र अन्य कागदांवरून सेवेचा सांगाडा पुन्हा उभा करते. अखेरच्या पगाराची पावती सेवेचा काळ सिद्ध करते, इस्पितळातील दाखल्यांच्या नोंदी जखमेची साक्ष देतात, आणि पगारपत्रकात शत्रूच्या माऱ्याखालील सेवेचा भत्ता दिसला, तर तो युद्धक्षेत्रातील वास्तव्याचा भक्कम पुरावा ठरतो. कंपनीचा रोजचा सकाळचा अहवाल या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्यात सगळ्यांची नावे नसत. कोण नव्याने रुजू झाला, कोण बदलून गेला, कोण जखमी झाला, एवढेच बदल तारखेनिशी लिहीत. म्हणून कंपनीचे नाव आणि साधारण महिना ठाऊक असेल, तरच हा शोध घेता येतो. जुनी पत्रे, पाकिटावरचा लष्करी टपालाचा पत्ता किंवा फोटोच्या मागे लिहिलेली तारीख अशा वेळी कामी येते. व्हिएतनाम काळातील शिपायांच्या बाबतीत ‘डीए फॉर्म २०’ हे पत्रक आधी पाहावे : त्यातील ३१ वा रकाना परदेशी सेवेचा, ३८ वा नेमणुकांचा, ४० वा जखमांचा आणि ४१ वा पदकांचा असतो. हे पत्रक व कार्यमुक्ती प्रमाणपत्र शेजारी-शेजारी ठेवले, तर कित्येकदा चूक तिथेच उघडी पडते. नौसैनिकांसाठी जहाजाची रोजनिशी हेच काम करते.

असा कागद फायलीतच सापडला, तर सुधारणा प्रशासकीय पातळीवर होते. मूळ प्रमाणपत्र सहसा खोडत नाहीत किंवा नव्याने टंकित करत नाहीत. ‘डीडी २१५’ हे दुरुस्तीपत्र त्याला जोडतात आणि यापुढे दोन्ही एकत्र दाखवायची असतात. न मिळालेली पदके माजी सैनिकाला सरकारकडून विनामूल्य मिळतात.

कागद अपुरे असतील किंवा अधिकाऱ्यांनी नकार दिला असेल, तर ‘डीडी १४९’ या अर्जाने संबंधित दलाच्या अभिलेख-दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. १९४६ पूर्वी अशा एकेका दुरुस्तीसाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, खाजगी विधेयक आणावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ती रीत बंद केली आणि नागरी सदस्यांच्या मंडळांमार्फत ‘चूक सुधारण्याचा किंवा अन्याय दूर करण्याचा’ अधिकार दलांच्या सचिवांना दिला. भूदल, नौदल व हवाई दल यांची मंडळे वेगवेगळी आहेत. मरीन कोरचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम असला, तरी न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत शिथिल करू शकते, आणि जुन्या युद्धांतील अनेक अर्ज त्यामुळेच ऐकले जातात. मात्र सरकारी नोंद बरोबरच आहे असे मंडळ आरंभी गृहीत धरते, आणि तोंडी सुनावणी हा अर्जदाराचा हक्क नाही. म्हणूनच सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे जोडताना त्यांनी स्वतः काय पाहिले, कोठे आणि केव्हा, हे नेमके लिहिलेले असावे. ‘तो आमच्याबरोबर होता’ एवढ्या मोघम वाक्याने फारसे साधत नाही. पर्पल हार्ट या जखमी सैनिकांना मिळणाऱ्या पदकासाठी जखम शत्रूच्या कृतीमुळे झाली आणि तिच्यावर वैद्यकीय उपचार झाले, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. उपचाराचा कागद आगीत गेला असेल, तर हा पुरावा उभा करणे फार कष्टाचे होते.

मिळालेले पण नोंदवायचे राहिलेले पदक आणि कधी न दिलेले पदक यांत कायदा स्पष्ट फरक करतो. दुसऱ्या प्रकारात, मुदत उलटलेल्या शौर्यपदकाची शिफारस काँग्रेसच्या सदस्यामार्फत पाठवण्याची वेगळी तरतूद आहे. या वाटेने किती काळ जाऊ शकतो, हे लेफ्टनंट गार्लिन कॉनर यांच्या प्रकरणात दिसते. २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील उसेन गावाजवळ, शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला असताना त्यांनी एका उथळ खंदकातून स्वतःच्याच ठिकाणावर तोफांचा मारा करवला. त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे शौर्यपदक मिळाले होते. त्याऐवजी मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक द्यावे हा अर्ज १९९७ मध्ये फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी कॉनर वारले. पत्नी पॉलिन यांनी लढा सोडला नाही. २०१४ मध्ये न्यायालयानेही मुदतीच्या कारणावरून त्यांच्या विरोधात निकाल दिला. अखेर प्रत्यक्षदर्शींच्या नव्या जबान्यांच्या आधारे मंडळाने अनुकूल शिफारस केली आणि २६ जून २०१८ रोजी पॉलिन यांनी ते पदक स्वीकारले.

सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याची नोंद मागवण्याचा अधिकार पुनर्विवाह न केलेल्या जोडीदाराला, आईवडिलांना, मुलांना आणि भावंडांना असतो. कार्यमुक्तीला ६२ वर्षे पूर्ण झाली, की फाइल राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाते आणि नातवंडांसह कोणालाही शुल्क भरून तिची प्रत मिळते.