निक्सीच्या १८० व्होल्टची गोष्ट

बरोज कंपनीने १९५५ साली निक्सी नळी (निऑन वायूने भरलेली, चमकते आकडे दाखवणारी काचेची नळी) बाजारात आणली, तेव्हा तिचं व्होल्टेज ही कुणाचीच डोकेदुखी नव्हती. त्या काळच्या व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणाऱ्या उपकरणांत दोनेकशे व्होल्ट डीसी आयतेच असायचे. पुढे ट्रान्झिस्टर आले, तरी मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर एक जादा वाइंडिंग दिलं की भागायचं. किती वॅट वाया जातात, याचा हिशेब कोण ठेवतो!

सत्तरच्या दशकात एलईडी आकड्यांनी निक्सीला हुसकावलं. सोव्हिएत कारखाने मात्र त्यानंतरही बराच काळ त्या बनवत राहिले, आणि आयएन-१२, आयएन-१४ अशा नळ्यांचा उरलेला साठा इंटरनेटमुळे घड्याळं बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती आला. नळ्या आल्या, पण ती जुनी उपकरणं नव्हती. होता तो १२ व्होल्टचा अडॅप्टर. १२चे १८० करताना किती ऊर्जा वाया जाते, हा कार्यक्षमतेचा प्रश्न खरा इथे उभा राहिला.

निऑन पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात. एकदा पेटला की नळीवर १४०च्या आसपास राहतात. सप्लाय १८०चा आणि प्रवाह अडीच मिलिअँपिअर धरला, तर मधले ४० व्होल्ट १६ किलोओहमच्या ॲनोड रेझिस्टरवर (नळीकडे जाणारा प्रवाह आवरणाऱ्या रेझिस्टरवर) पडतात. म्हणजे बावीस टक्के ऊर्जा तिथेच गेली. कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटच्या) एकेका टक्क्यासाठी भांडणारे हा आकडा सोयीस्कर विसरतात.

सुरुवातीच्या बहुतेक घड्याळांत ३४०६३ ही कन्व्हर्टर चालवणारी आयसी (चिप) दिसते. स्वस्त, कुठेही मिळणारी. पण तिच्या आतला ट्रान्झिस्टर जेमतेम ४० व्होल्टचा. म्हणून बाहेर आयआरएफ७४०सारखा ४०० व्होल्टचा मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) जोडायचा. गोम तिथेच आहे. नेहमीच्या जोडणीत ही आयसी मॉस्फेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) झटकन चार्ज करते, पण रिकामं करायचं काम एका रेझिस्टरवर सोडते. मॉस्फेट रेंगाळत बंद होतो आणि हीटसिंक तापतं. गेटवर एक छोटा पीएनपी ट्रान्झिस्टर बसवला की बराच फरक पडतो. डायोडचंही तसंच: १एन४००७ व्होल्टेज आरामात सोसतो, पण बंद व्हायला इतका वेळ लावतो की तोच तापतो. झटकन बंद होणारा यूएफ४००४ हवा.

मग मॅक्स१७७१ आली. बाहेरचा मॉस्फेट चालवण्यासाठीच बनवलेली, गेट दोन्ही दिशांनी जोमाने हाकणारी. करंट मोजायला ती १०० मिलिव्होल्टच वाया घालवते. ३४०६३ला ३०० लागतात. पीसीबी नीट आखली तर ८० टक्क्यांच्या पुढे जाता येतं. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सुटे भाग खोचायच्या फळीवर) मात्र तिच्या नादी लागू नये.

यूएसबीच्या ५ व्होल्टवरून थेट १८० काढायचे म्हणजे छत्तीस पट वाढ. साध्या बूस्टमध्ये (एकाच कॉइलने व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) मॉस्फेटला एकीकडे मोठा प्रवाह आणि दुसरीकडे पूर्ण १८० व्होल्ट, असं दोन्ही सोसावं लागतं. फ्लायबॅकमध्ये (कॉइलऐवजी ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्या सर्किटमध्ये) १:१० ट्रान्सफॉर्मर घेतला, तर मॉस्फेटवर हिशेबाने २३ व्होल्टच येतात आणि ६० व्होल्टचा, कमी रोधाचा मॉस्फेट पुरतो. गळतीच्या इंडक्टन्समुळे उठणारा स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) मात्र स्नबर (ती उसळी शोषणारं सर्किट) लावून आवरावा लागतो, शिवाय ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा कंटाळा. १२ व्होल्ट हाताशी असले की बहुतेक जण अजूनही साधी कॉइलच लावतात.