हसण्याची परवानगी: बाळाच्या प्रतीक्षेतील श्रद्धा आणि विनोद यांची पार्श्वभूमी

बाळाची वाट पाहणाऱ्या घरात आज थट्टेला तोटा नसतो. बायकोच्या बरोबरीने वाढलेले नवऱ्याचे पोट, अवेळी लागणारे डोहाळे, दोन महिने आधीच भरून ठेवलेली दवाखान्याची पिशवी आणि नावावरून दोन्हीकडच्या आज्यांमध्ये रंगलेला वाद हे विनोदाचे हक्काचे विषय झाले आहेत. ज्या घरांत रोज प्रार्थना होते, तिथेही ही थट्टा प्रार्थनेला लागूनच चालते आणि तिचे कुणाला काही वाटत नाही. घराच्या चार भिंतींत असा विनोद पूर्वीही होत असेल. अनोळखी माणसांसमोर मोठ्याने हसण्याची मोकळीक मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळाली, आणि तीही अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी विनोदी मालिकेच्या संहिता तीन धर्मगुरूंनी तपासल्यानंतर. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. त्याच्या मुळाशी असलेले कारण तितक्या वेळा सांगितले जात नाही.

धर्मग्रंथांना हे हसू अनोळखी नव्हते. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नव्वद वर्षांची सारा आपल्याला मूल होणार असल्याचे तंबूच्या दाराशी ऐकते आणि मनातल्या मनात हसते. का हसलीस असे विचारले जाताच ती घाबरून नाकबूल करते आणि लगेच तिला सुनावले जाते की तू हसलीसच. त्याच पुस्तकात एक अध्याय आधी तिचा शंभरीला टेकलेला नवरा हीच बातमी ऐकून जमिनीवर पालथा पडून हसलेला असतो, पण त्याला कोणी जाब विचारल्याची नोंद नाही. गर्भात जीव केव्हा येतो याविषयी परंपरांमध्ये एकमत नव्हते: ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या मते मुलासाठी 40 दिवस आणि मुलीसाठी 90, ज्यू धर्मशास्त्रात पहिले 40 दिवस गर्भ निव्वळ पाण्यासारखा, तर इस्लामी परंपरेत बहुतेकांच्या मते 120 दिवस. घरातल्या माणसांना मात्र एकच खूण पुरेशी होती, ती म्हणजे आईला पोटात जाणवलेली पहिली हालचाल. ती साधारण साडेचार-पाच महिन्यांच्या सुमारास येई, म्हणजे प्रतीक्षेचा निम्मा काळ खात्रीशिवायच जाई. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात फाशीची शिक्षा झालेल्या स्त्रीला ही हालचाल होत असेल तरच बाळंतपणापर्यंत मुदत मिळे, आणि तिचे म्हणणे खरे की खोटे ते अनुभवी स्त्रियांची एक मंडळी ठरवत असे. गोड बातमीची पहिली मालकी बाईकडेच होती.

या काळात उघड विनोद कमी होता, याचे कारण बहुतेक वेळा लाज किंवा धर्म असे दिले जाते. आकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार जन्मांमागे साधारण चार ते पाच माता दगावत होत्या, आणि त्याआधीच्या कित्येक दशकांत हे प्रमाण जवळजवळ जागचे हललेले नव्हते. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 सालच्या प्रार्थनासंग्रहात बाळंतपणानंतर म्हणायची जी आभाराची प्रार्थना आहे, तिच्या पहिल्याच वाक्यात बाळंतपणाच्या मोठ्या संकटातून सुखरूप सोडवल्याचा उल्लेख येतो, आणि तो अलंकारिक नव्हता. ज्या घरात मावशी किंवा वहिनी बाळंतपणात गेलेली असे, त्या घरात सुटकेआधी हसणे हे नशिबाला डिवचण्यासारखे वाटणारच.

श्रद्धेने विनोदाला किंवा सोयीला अडवले, या समजाची खरी कसोटी एकोणिसाव्या शतकातच लागली होती. 1847 साली एडिंबरामधल्या एका प्रसूतितज्ज्ञाने कळांच्या वेळी क्लोरोफॉर्म वापरला आणि स्त्री वेदनेने मुले प्रसवेल या बायबलमधल्या वचनाचा आधार घेऊन विरोध होईल असे गृहीत धरून त्याच वर्षी एक पत्रकही काढले. पहिल्या पुरुषाची बरगडी काढण्यापूर्वी देवानेच त्याला गाढ झोप आणली होती, हा त्या पत्रकातला युक्तिवाद पुढे फार गाजला. गंमत अशी, की नंतरच्या इतिहासकारांनी धर्मपीठांकडून झालेल्या प्रत्यक्ष विरोधाचा शोध घेतला तेव्हा हाती फारच थोडे लागले. हरकती होत्या त्या प्रामुख्याने वैद्यकीय. 1853 साली इंग्लंडच्या राणीने आठव्या बाळंतपणात तेच औषध घेतले आणि वादातला उरलासुरला दमही गेला. कॅथलिक पंथाच्या प्रमुखांनी वेदनारहित प्रसूतीला धर्माची आडकाठी नसल्याचे 1956 साली जाहीरपणे सांगितले, तोवर असंख्य श्रद्धाळू घरांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवलेला होता. धर्मगुरूंच्या वतीने इतरांनीच आधी धास्तावायचे आणि धर्मगुरूंनी मागाहून शांतपणे होकार द्यायचा, हा क्रम पुढेही तसाच दिसतो.

सर्वांत जास्त चर्चा झालेला निर्णय 1952 सालचा आहे. अमेरिकेतल्या एका अत्यंत लोकप्रिय दूरचित्रवाणी विनोदी मालिकेची नायिका मालिकेचे काम चालू असतानाच दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पडद्यावरचा तिचा नवरा प्रत्यक्षातही तिचा नवराच होता, आणि हे गर्भारपण कथानकात घ्यावे असा त्याचा आग्रह होता. मालिकेला पैसा पुरवणारी सिगारेट कंपनी, जाहिरात संस्था आणि वाहिनी या तिघांनाही ते धाडस वाटले. तिला खुर्च्यांच्या आणि टेबलांच्या मागे उभे करावे किंवा फार तर एखाद-दोन भागांत विषय आटोपावा, असे पर्याय पुढे आले. शेवटी नवऱ्याने थेट कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिले आणि त्या प्रमुखाने आपल्या माणसांना यात लुडबुड करू नका असे बजावले. परवानगी मिळाली, पण दोन अटींवर: ‘प्रेग्नंट’ हा शब्द संवादात येणार नाही, आणि प्रत्येक संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि एक ज्यू रब्बी यांच्या नजरेखालून जाईल.

पाद्री, धर्मोपदेशक आणि रब्बी एकत्र आले की अमेरिकेत एरवी विनोदाला सुरुवात होते. इथे ते विनोद तपासायला बसले होते. त्यांनी आक्षेपार्ह म्हणून काही काढून टाकल्याचे मालिकेशी संबंधित कोणीही सांगितलेले नाही. उलट, वाहिनीला नको असलेल्या त्या शब्दातही त्यांना वावगे दिसले नव्हते, असेच निर्मितीशी संबंधित मंडळी पुढे सांगत राहिली. तरीही शब्दावरची बंदी टिकली. ज्यांच्या भावना दुखावतील म्हणून बंदी होती, त्यांनीच हरकत नाही असे म्हटल्यावर ती टिकते, तेव्हा ती नेमकी कुणाच्या संकोचापायी होती हे वेगळे सांगायला नको. त्या संकोचाला श्रद्धेचे नाव देणे सोयीचे होते, इतकेच म्हणता येईल.

8 डिसेंबर 1952 रोजी प्रसारित झालेल्या भागात नायिका दिवसभर नवऱ्याला बातमी सांगण्याची संधी शोधते आणि दर वेळी काहीतरी आडवे येते. अखेर तो जिथे गातो त्या क्लबात ती निनावी चिठ्ठी पाठवते. कोणते जोडपे हे शोधत तो टेबलामागून टेबल अंगाईगीत गात फिरतो आणि तिच्यापाशी येऊन थबकतो. त्या क्षणी दोघांचेही डोळे खरोखरच भरून आले आणि तेच चित्रीकरण कायम ठेवण्यात आले. पुढे एका भागात नवऱ्यालाच उमासे आणि कळा येऊ लागतात. गर्भारपणाच्या या कथानकाच्या सातव्या भागात दवाखान्यात जाण्याची नीट तालीम केलेली सगळी मंडळी ऐन वेळी अशी गडबडतात की जिला न्यायचे तीच मागे राहते. हा भाग 19 जानेवारी 1953 रोजी रात्री दाखवला गेला आणि त्याच दिवशी सकाळी नायिकेने खऱ्याखुऱ्या मुलाला जन्म दिला होता. तो योगायोग नव्हता, कारण सिझेरियन शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला होता आणि प्रसारणाचा वारही तोच होता. पडद्यावर मुलगाच होणार हे लेखकांनी आधीच ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात मुलगी झाली असती तरी कथानक बदलणार नव्हते. सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो भाग पाहिल्याचे सांगतात. दुसऱ्या दिवशी झालेल्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला सुमारे 2 कोटी 90 लाख प्रेक्षक मिळाले.

या मालिकेला पहिलेपणाचा मान दिला जातो, तो मात्र काटेकोरपणे खरा नाही. 1948 सालीच दुसऱ्या एका अमेरिकी मालिकेत नायिकेचे खरे गर्भारपण कथेत घेतले गेले होते. त्या मालिकेतले जोडपे एकाच पलंगावर झोपतही असे आणि त्यामुळे काही आकाश कोसळले नाही. फरक एवढाच, की तेव्हा दूरचित्रवाणी संच फार थोड्या घरांत होते आणि त्या मालिकेचे चित्रीकरण जवळजवळ काहीच टिकलेले नाही.

या सगळ्या कथेत जी गोष्ट बाजूला पडते ती अशी: अमेरिकेत 1930 च्या सुमारास दर एक लाख जिवंत जन्मांमागे सहाशेहून अधिक माता दगावत होत्या, आणि 1950 पर्यंत हे प्रमाण सुमारे 83 वर आले होते. 1930 च्या दशकाच्या मध्यावर आलेली सल्फा औषधे, नंतर पेनिसिलिन आणि रक्त चढवण्याची सोय यांनी एका पिढीच्या आत ही घसरण घडवली. 1953 साली ज्या बायका पडद्यासमोर बसून हसल्या, त्यांच्या आयांना त्याच प्रसंगावर इतक्या निर्धास्तपणे हसता आले नसते. धर्मगुरूंची संमती हा त्या निर्णयाचा सांगण्यासारखा भाग आहे, म्हणून तो सांगितला जातो. मृत्यूंचे घटलेले प्रमाण हे मोठे कारण असूनही त्यात किस्सा नाही.

नवऱ्याच्या कळांचा विनोदही दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. बाळंतिणीने उठून कामाला लागायचे आणि नवऱ्याने अंथरुणावर पडून शुश्रूषा करून घ्यायची, अशा रिवाजाची वर्णने प्राचीन ग्रीक भूगोलकारांपासून तेराव्या शतकातल्या व्हेनिसच्या प्रवाशापर्यंत अनेकांनी लिहून ठेवली आहेत, अर्थात दूरच्या लोकांविषयी आणि बरीचशी नवलाने. विसाव्या शतकात या विनोदाने नवे रूप घेतले. अमेरिकेत 1900 साली दवाखान्यातली बाळंतपणे शंभरात पाचसुद्धा नव्हती. 1940 पर्यंत ती वाढून एकूण बाळंतपणांच्या निम्म्यावर पोहोचली आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळीच. बाळंतपण घरातून गेले, तसा नवरा बाहेरच्या बाकावर आला. येरझाऱ्या घालणारा, सिगारेटी ओढणारा, परिचारिकेला दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न विचारणारा बाप हे व्यंगचित्र त्या बाकावर जन्मले. 1960 आणि 1970 च्या दशकांत कळांच्या वेळी साथीदार जवळ असावा या चळवळीमुळे दार उघडले आणि व्यंगचित्रातला बाप आत येऊन भोवळ येऊन पडू लागला.

दरम्यान बातमी कळण्याची वेळच मागे सरकत गेली आणि प्रतीक्षा लांबली. 1930 च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांत आफ्रिकेतल्या एका जातीच्या मादी बेडकाला स्त्रीची लघवी टोचत आणि तिने अंडी घातली की होकार समजत. 1960 साली जिवंत प्राण्याशिवाय होणारी चाचणी आली. 1967 साली एका तरुण स्त्री-रेखाटनकाराने ती घरी करता येईल असा संच तयार केला. त्याचे हक्क तिने केवळ एका डॉलरला सोडले आणि तो डॉलरही तिला मिळाला नाही. 1971 साली कॅनडात आणि काही वर्षांनी अमेरिकेत घरगुती संच विकले जाऊ लागले, पण त्यात परीक्षानळीला धक्का न लावता दोन तास थांबावे लागे. 1988 साली एका पट्टीवर काही मिनिटांत उत्तर देणारी चाचणी आली, आणि जे पूर्वी पाचव्या महिन्यात नक्की होत होते ते पाळी चुकल्याच्या आठवड्यातच कळू लागले. 1958 साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या ध्वनिलहरींच्या चित्रांतून सोनोग्राफी वाढली आणि बाळाचा पहिला फोटो जन्माआधीच घरात येऊन पोहोचला.

या लवकर कळण्याचा एक परिणाम श्रद्धाळू घरांना जास्त जाणवतो. कळून आलेल्या गर्भांपैकी साधारण 10 ते 20 टक्के टिकत नाहीत आणि यातले बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच जातात. पूर्वी त्यातले कित्येक उशिरा आलेली पाळी म्हणून विसरले जात. आता त्यांना तारीख असते, कधी ठरवलेले नाव असते, आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही झालेली असते. म्हणून 12 आठवडे कुणाला सांगायचे नाही हा संकेत अनेक ठिकाणी रूढ झाला. त्या काळात मित्रमंडळींत मद्याला नकार देण्यासाठी जी बहाणेबाजी चालते तिचा विनोद वेगळाच आहे, आणि संकेत पाळणाऱ्यांना दुःखही गुपचूप सोसावे लागते ही त्याची किंमत आहे.

लिंग उघड करण्याच्या समारंभांची लाट अगदी अलीकडची आहे. 2008 साली अमेरिकेतल्या एका गर्भवती लेखिकेने केकच्या आतल्या रंगातून आपल्याला मुलगी होणार हे घरच्यांना सांगितले, आणि पुढे ही कल्पना फटाक्यांपर्यंत गेली. 2019 साली तिनेच या प्रथेबद्दल खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी अशा एका समारंभातल्या धुराच्या फटाक्याने कॅलिफोर्नियात मोठा वणवा लागला. भारतात 1994 च्या कायद्याने जन्माआधी लिंग सांगणेच गुन्हा ठरवल्यामुळे तिथे या खेळाला जागा नाही, आणि त्या बंदीमागचे कारण हसण्यासारखे नाही.

अपेक्षित तारखेचा विनोद मात्र सर्वत्र सारखाच आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालते, पण मोजायला पाळीच्या पहिल्या दिवसापासून लागायचे की शेवटच्या, हे त्याच्या लेखनातून पुरेसे स्पष्ट होत नाही. 1990 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींची सरासरी या नियमापेक्षा सुमारे आठ दिवसांनी पुढे निघाली. 2013 साली तिथल्या तज्ज्ञ संस्थांनी पूर्ण दिवसांचे बाळ ही व्याख्या 39 आठवड्यांपासून 40 आठवडे 6 दिवसांपर्यंत मर्यादित केली आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांना वेगळे नाव दिले. नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. त्यामुळे ती तारीख उलटल्यावर दर तासाला ‘अजून नाही का?’ असे विचारणारे नातेवाईक टाळायचे असतील, तर एका दिवसाऐवजी आठवडाच सांगावा असे काही प्रसूतितज्ज्ञ आता सुचवतात.