लिंकन यांच्या मुक्तिजाहीरनाम्याची पार्श्वभूमी

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अब्राहम लिंकन यांचे नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही. गुलामांचा एकमेव मुक्तिदाता ही त्यांची शालेय पुस्तकांतली ओळख कागदपत्रांशी ताडून पाहिली की प्रकरण बरेच गुंतागुंतीचे निघते.

दक्षिणेतली गुलामराज्ये संघराज्यातून फुटल्याने अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होते. टीकाकार बहुधा त्या काळातले, २२ ऑगस्ट १८६२ चे पत्र पुढे करतात. संपादक होरेस ग्रीली यांना लिंकन यांनी कळवले होते की, एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचणार असेल तर ते तसे वाचवतील, आणि सगळे मुक्त करून वाचणार असेल तर तसे. मात्र हे लिहिण्याच्या बरोबर महिनाभर आधी, २२ जुलैला, त्यांनी मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला होता. पराभवांच्या काळात तो जाहीर केला तर हतबलता दिसेल, एखादा विजय मिळू द्या, असे परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी सुचवले. १७ सप्टेंबरला अँटीटमच्या लढाईत उत्तरेला विजय म्हणता येईल असे यश मिळाले आणि २२ तारखेला प्राथमिक जाहीरनामा निघाला. ग्रीलींना लिहिलेले पत्र म्हणजे मुक्तीला नाखूश असलेल्या उत्तरेचे मन तयार करण्याची मशागतच होती.

बंडखोर भागांतले गुलाम मुक्त करणारा १ जानेवारी १८६३ चा अंतिम जाहीरनामा रुक्ष आहे, आणि त्याला कारण आहे. राज्यांतली गुलामगिरी रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. सरसेनापती म्हणून बंडखोरांचे मनुष्यबळ हिरावून घेता येत होते, तेवढेच. म्हणून केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामराज्ये त्यातून सुटली. टेनेसी, लुइझियानाचे १३ परगणे आणि व्हर्जिनियाचा काही भागही वगळला गेला. सत्ता होती तिथे कोणालाच सोडवले नाही, हा आरोप त्यामुळे बराचसा खरा वाटतो. पण दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची, उत्तरेच्या ताब्यातली बेटे वगळलेली नव्हती, तिथले गुलाम त्याच दिवशी मुक्त झाले.

खरा डाग वेगळाच आहे. १४ ऑगस्ट १८६२ ला कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाला बोलावून लिंकन यांनी त्यांना देशाबाहेर, मध्य अमेरिकेत वसण्याचा सल्ला दिला. पुढे हैतीजवळच्या इल-आ-वाश बेटावर साडेचारशेच्या आसपास माणसे पाठवली गेली. देवी, उपासमार आणि ठेकेदाराची बेपर्वाई यांनी वसाहत कोलमडली. १८६४ मध्ये उरलेल्यांना जहाज पाठवून परत आणावे लागले.

हेतूंचा माग घ्यायचा तर ग्रीलींच्या पत्रापेक्षा दोन जाहीरनामे शेजारी ठेवून वाचावेत. सप्टेंबरच्या मजकुरात परदेशी वसाहतीचा उल्लेख आहे. जानेवारीत तो गायब, आणि त्याऐवजी मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याचे कलम. त्यानंतर सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात लिंकन यांनी कृष्णवर्णीयांपैकी सैनिकांना आणि ‘अतिशय बुद्धिमान’ अशा काहींना मताधिकार मिळावा असे म्हटले. सगळ्यांना नव्हे. श्रोत्यांत नट जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. केंटकी आणि डेलावेअरमधले गुलाम मुक्त झाले ते डिसेंबरमध्ये, गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर.