कातकामातील हत्यारांची धार

कातकामातील हत्यारांची धार : लेथवर किंवा जुन्या पद्धतीच्या चरकावर फिरणाऱ्या लाकडाला हातातल्या हत्याराने आकार देणे म्हणजे कातकाम. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत देवघराचे खांब, पाळण्याच्या दांड्या, झोपाळ्याचे कठडे, लाटणी ही सगळी त्याचीच उदाहरणे. शहरापासून सुमारे ५० किमी.वरचे संखेडा (२०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात) सागवानी कातीव फर्निचर आणि त्यावरच्या लाखकामासाठी ओळखले जाते. हे काम तेथे खरादी-सुथार समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे.

साध्या सुतारकामात एकदा पाजळलेली पटाशी बराच वेळ पुरते. कातकामात तसे होत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. ५० मिमी. व्यासाचा दांडा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल तर धारेखालून मिनिटाला सुमारे २३५ मी. लाकूड सरकते. दहा मिनिटे अखंड कातले की दोन किमी.च्या वर. त्यात सागवानात मुळातच थोडी सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य, आणि ती धार खाते. म्हणून मुरलेला कातारी काम अर्ध्यावर थांबवून धार लावतो. नवशिका तेवढा वेळ वाचवायला जातो आणि पुढे पॉलिश कागद घासण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतो.

धारदार हत्यार तंतू कापते, तर बोथट हत्यार ते उपटते. पहिल्याखालून लाकडाच्या लांब सुरळ्या निघतात, दुसऱ्याखालून भुसा. वाटी किंवा वाडगा कातताना हा फरक सर्वांत ठळक दिसतो. प्रत्येक फेऱ्यात दोन जागी तंतू धारेच्या उलट उभे राहतात, आणि नेमक्या त्याच दोन जागा बोथट हत्याराने खरबरीत होतात. कागदाने त्या झाकता येतात हा समज फसवा आहे. लेथवर कागद तंतूंना आडवा घासला जातो, त्यामुळे जाड कागदाचे गोल ओरखडे मागे राहतात. शिवाय घासून घासून मण्यांच्या (कातलेल्या गोल फुगवट्यांच्या) कडा आणि खाचांच्या रेषा बोथटतात, नक्षी गुळगुळीत पण निर्जीव होते. संखेड्याच्या कामात रंगाच्या थरावर कथलाची नक्षी काढून ती अकीकाच्या दगडाने घोटतात आणि वर लाख चढवतात. लाखेखाली कथलाला सोनेरी झाक येते. अशा चकाकत्या पृष्ठभागावर खालचा ओरखडा लपत नाही, उलट उठून दिसतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही धारेशीच बांधलेला आहे. हत्याराचा घासलेला उतार लाकडावर टेकलेला असतो, आणि त्याच आधाराने धार किती खोल जाईल हे हाताला आवरता येते. बोथट हत्यार शिरत नाही, म्हणून कारागीर ते दाबतो, मूठ उचलतो. उतार सुटतो, धार एकदम खोल रुतते आणि हत्यार हातातून हिसकले जाते किंवा लाकूड उडते.

या उताराचा कोन कामाप्रमाणे बदलतो. दांड्यावरच्या बारीक कामाच्या गोल पटाशीला साधारण ३० ते ४५ अंश, वाडग्याच्या गोल पटाशीला ४५ ते ६० अंश, तर स्क्रेपरला, म्हणजे खरवडणाऱ्या हत्याराला, ७० ते ८० अंश ठेवतात. तिरपी पटाशी ग्राइंडरनंतर तेलदगडावर घासून तिच्या कडेची बारीक मुरड, म्हणजे घासताना कडेवर वळलेले पोलाद, काढून टाकावी लागते. स्क्रेपरचे उलटे आहे : ती मुरडच लाकूड कापते, म्हणून तो ग्राइंडरवरून उचलून तसाच वापरतात.

ग्राइंडरवर जोर लावायचा नसतो. कार्बन पोलादाची कड ३०० अंश से.च्या आसपास निळी पडते आणि तिचे पाणी उतरते, म्हणजे कडकपणा जातो. मग निळा भाग पूर्ण घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे असे हत्यार मधूनमधून पाण्यात बुडवतात. हायस्पीड पोलाद ५०० अंशांपर्यंतही कडकपणा टिकवते, पण ते तापलेले असताना पाण्यात घातल्यास सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. दोन्ही पोलादांना एकच सवय लावणे हा कारखान्यांत सर्रास आढळणारा गोंधळ आहे. जुन्या कानशीची हत्यारे करण्याची काटकसरही टाळलेली बरी. कानशीचे पोलाद कडक असते पण ठिसूळ, आणि फिरत्या लाकडाच्या झटक्याने ते मोडते.

उतारावर मार्करने रंग लावून हत्यार हलकेच टेकवले, की रंग कुठून गेला त्यावरून कोन जुळला की नाही ते कळते. ठिणग्या कडेच्या वरच्या अंगावरून येऊ लागल्या म्हणजे घासणे कडेपर्यंत पोहोचले. तिथेच थांबावे, पुढचे घासणे म्हणजे पोलादाची नासाडी. धार तपासायला बोट फिरवू नये. ती दिव्याकडे धरावी : बोथट कड प्रकाश परतवते आणि पांढरी रेघ दिसते, खऱ्या धारेवर ती दिसत नाही.

ग्राइंडिंगच्या चाकाची बाजू घासण्यासाठी वापरत नाहीत, आणि हत्यार टेकवायचा टेकू चाकापासून ३ मिमी.पेक्षा दूर ठेवत नाहीत. फट वाढली की हत्याराचे टोक आत ओढले जाते. डोळ्यांवर गॉगल हवाच. ग्राइंडर भुशाच्या ढिगापासून लांब बसवावा, कारण ठिणगीने पेटलेला भुसा आतल्या आत धुमसतो आणि आग पुष्कळदा कारखाना बंद झाल्यावरच वर येते.