मिटवामिटवीचा पैसा आणि भरपाईचा पैसा

सांगली-साताऱ्याकडं भांडण बांधाचं असो, भाऊबंदकीचं असो की नांदायला न नेणाऱ्या नवऱ्याचं, चार माणसं बसतात आणि थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, "मग मिटवायचं कितीत?" नोकरीच्या जागी बाईला झालेल्या लैंगिक त्रासाचं प्रकरण निघालं तरी हाच प्रश्न पुढं येतो. एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, मी बाहेरची सदस्य म्हणून काही वर्षं जाते आहे. त्यामुळं कुपवाड, मिरज, पलूसकडच्या बायकांचे फोन येतात. तक्रार कुठं द्यायची हे विचारायच्या आधी त्यातल्या कितीतरी जणी विचारतात, "ताई, पैसे देतो म्हणतायत. घेतले तर चालतात का?" या प्रश्नाला, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात उत्तर आहे. ते तिथं कसं आलं, हे सांगण्यासाठी ही टिपणी.

पैशाचा मुद्दा आपल्याकडं पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो रूपन देओल बजाज यांच्या खटल्यात. १९८८ च्या जुलैमध्ये चंदीगडच्या एका मेजवानीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार या आयएएस बाईंनी दिली. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले. पुढं तुरुंगवासाची शिक्षा गेली, प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर मोकळीक, आलं आणि २ लाख रुपये भरपाई ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. बजाज यांनी ती रक्कम घेतली नाही. ती महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यावी, असं ठरलं. सतरा वर्षं लढलेल्या बाईनं पैसे नाकारले म्हणजे पैसा घेणं वाईट, असा अर्थ मी लावत नाही. त्यांना महिन्याचा पगार होता, पद होतं. शेडमध्ये रोजावर बेदाणा निवडणाऱ्या बाईला ती मोकळीक नसते.

त्याच काळात राजस्थानात भटेरी गावच्या साथिन, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवी यांच्यावर, बालविवाह थांबवायला गेल्याच्या रागातून, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी त्या गुन्ह्यातून सुटले. ती सरकारी कामावर असताना तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला; नोकरीच्या जागी लैंगिक छळ रोखण्यासाठी न्यायालयानं त्यात सूचना घालून दिल्या. त्या मार्गदर्शक सूचनांत तक्रार समिती होती, शिस्तभंगाची कारवाई होती, फौजदारी तक्रारीला मदत होती. तडजोडीचा शब्द नव्हता. सूचना कागदावरच राहिल्या, म्हणून पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र पाठवलं. त्याचीच याचिका झाली. समितीचा अहवाल हीच खातेनिहाय चौकशी मानावी, हे त्या याचिकेतून २००४ मध्ये ठरलं, आणि २०१२ मध्ये राज्यांना पुन्हा खडसवावं लागलं.

अमेरिकेतली वाट वेगळी होती. तिथं १९९१ च्या नागरी हक्क कायद्यानं अशा प्रकरणांत नुकसानभरपाईचा दावा करता येऊ लागला, मोठ्या कंपन्यांसाठी कमाल मर्यादा ३ लाख डॉलर. खटला उभा राहिला की कंपनीची बदनामी आणि वकिलाचा खर्च दोन्ही वाढतात, म्हणून कोर्टाबाहेर पैसे देऊन गप्प बसण्याचा करार करणं ही रीतच पडली. ती रीत भारतीय कंपनीच्या दाराशी आली इन्फोसिसच्या प्रकरणात. कंपनीचे अमेरिकेतले बडे अधिकारी फणीश मूर्ती यांच्यावर तिथल्या एका माजी कर्मचारी महिलेनं दावा लावला. मूर्ती २००२ मध्ये बाहेर पडले, आणि २००३ मध्ये कंपनी व विमा कंपन्यांनी मिळून ३० लाख डॉलरला तो दावा मिटवला. त्रास झाला की नाही याचा निवाडा कधीच झाला नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा चर्चा झाली ती रकमेच्या आकड्याची. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की पैसा ज्याच्यावर आरोप होता त्याच्या खिशातून गेला नाही.

याचा शेवट कुठं होतो ते २०१७ मध्ये दिसलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं, की फॉक्स न्यूज वाहिनीचे निवेदक बिल ओरायली यांच्याबाबत पाच महिलांना मिळून सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दिले गेले होते. ५ ऑक्टोबरला हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीनची बातमी आली, त्यात किमान आठ तडजोडी होत्या. प्रत्येक तडजोडीनंतर पुढच्या बाईला आधीच्या बाईची खबर नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेनं कर कायदा बदलला: गप्प राहण्याच्या अटीवर दिलेली अशी रक्कम कंपनीला खर्च म्हणून करातून वजा करता येणार नाही.

आपल्या संसदेनं त्याआधीच वेगळं ठरवलं होतं. २०१३ च्या कायद्याचं कलम १० समेटाबद्दल आहे. चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि फक्त तक्रारदार बाईनं मागितलं तरच, समिती समेट घडवू शकते. पण पैसा हा त्या समेटाचा पाया असता कामा नये. माफीनामा, बदली, पुन्हा असं न वागण्याची लेखी हमी, हे चालतं. समेट समितीनं लिहून ठेवायचा, त्याची प्रत दोघांना द्यायची, आणि अट मोडली तर चौकशी सुरू करायची. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ च्या अहवालात समेटाच्या कल्पनेलाच विरोध केला होता. तरी पुढच्याच महिन्यात राज्यसभेनं विधेयक समेटासकट मंजूर केलं आणि ९ डिसेंबर २०१३ पासून कायदा लागू झाला. पैशाला बंदी आणि समेटाला मुभा, असा हा मधला रस्ता आहे.

पण कायदा पैशाच्या विरोधात आहे, हा समज चुकीचा आहे, आणि तो मला पुन्हा पुन्हा खोडावा लागतो. चौकशीत आरोप सिद्ध झाला तर कलम १३ आणि १५ प्रमाणे बाईला भरपाई मिळते. तिला झालेला मानसिक त्रास, हुकलेली बढती किंवा गेलेली नोकरी, दवाखान्याचा खर्च, आणि समोरच्याची कमाई, हे सगळं धरून आकडा ठरतो. तो त्याच्या पगारातून कापायचा. पगार बंद झाला असेल तर त्यानं स्वतः भरायचा, नाही भरला तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तलाठी-तहसीलदारांच्या वसुलीची जरब आपल्या भागात कुणाला वेगळी सांगायला नको. हा पैसा चौकशीनंतर येतो, कारणासकट लिहिला जातो आणि त्रास देणाऱ्याच्या खिशातून जातो. मिटवामिटवीचा पैसा चौकशीच्या आधी येतो, बहुतेक वेळा मालकाच्या गल्ल्यातून, आणि त्याच्या बदल्यात तक्रारच नाहीशी होते. समितीच्या वर्षाच्या अहवालात मग शून्य तक्रारी लागतात.

या बंदीवर आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. चौकशीला ९० दिवस धरले आहेत. तेवढे दिवस त्याच जागी, त्याच माणसांत काढायचे. हाताला रोख रक्कम मिळाली तर बाई दुसरीकडं जाऊन नव्यानं सुरुवात करू शकते, मग तिचं भलं कायद्यानं का ठरवावं, असं विचारणारे आहेत. बंदीमुळं पैसे थांबले नाहीत, फक्त लपले, असंही म्हणतात. ते खरं आहे. तरी मला बंदी हवी आहे. कारण आपल्याकडं "तिला स्वतःलाच मिटवायचं होतं" हे वाक्य ज्या खोलीत बोललं जातं, तिथं भाऊ असतो, सासरा असतो, कधी सरपंचही असतो, आणि तीच नसते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मागायची सोय कलम १२ मध्ये आहे. ती कायम पगारावरच्या बाईला उपयोगी पडते. रोजंदारीवरच्या बाईला रजेचा काय उपयोग? कायद्याचं खरं अपुरेपण मला तिथं दिसतं.

फौजदारी बाजूही अशीच हळूहळू बदलली. २००९ पर्यंत विनयभंगाचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीनं आपसात मिटवता येत असे. ती सोय नंतर काढली. तरी उच्च न्यायालयात दोघांच्या संमतीनं गुन्हे रद्द होत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात, शिक्षकानं विद्यार्थिनीला दिलेल्या त्रासाचा गुन्हा पालकांच्या तडजोडीवरून रद्द झाला होता, तो आदेश सर्वोच्च न्यायालयानं फिरवला.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तासगाव-कवठेमहांकाळच्या छोट्या बेदाणा शेड, महाबळेश्वर-पाचगणीची छोटी लॉज, घरकाम, सगळं तिच्याकडं येतं. उसाच्या फडात गोष्ट आणखी अवघड. बीडकडून आलेल्या जोडप्यानं, म्हणजे एका कोयत्यानं, मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. बोट मुकादमाकडंच दाखवायचं असेल तर मिटवायला नवे पैसे लागतच नाहीत, उचलीतले थोडे सोडले की झालं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुक्याचे नोडल अधिकारी, म्हणजे तालुक्यात तक्रारी घेणारे अधिकारी, नेमायला मुदत घालून दिली. नोडल अधिकाऱ्यानं आलेली तक्रार सात दिवसांत पुढं पाठवायची असते, म्हणजे जत किंवा आटपाडीच्या बाईला सांगलीत विजयनगरला कलेक्टर कचेरीपर्यंत यावं लागू नये.

मागं एका बाईनं फोनवर मला कागद वाचून दाखवला. राजीनामा स्वखुशीनं देत आहे, हिशेब पूर्ण मिळाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वर दोन पगार जास्तीचे दिले होते. आता काही करता येत नाही ना, असं तिनं विचारलं. मी विचारलं, हे समितीसमोर झालं का? समितीचं तर तिनं नावच ऐकलं नव्हतं. चौकशी थांबते ती समितीनं नोंदवलेल्या समेटानं. नोकरी सुटली तरी तक्रारीचा हक्क जात नाही. शेवटचा प्रकार कधी झाला ते विचारलं, तर दोन महिने आणि काही दिवस झाले होते. मुदत तीन महिन्यांची असते. मी तिला म्हटलं, तारखा आठवतील तशा आज रात्रीच लिहायला बस.