तीन मिनिटांची तबकडी ते एलपी: जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रणांची पार्श्वभूमी

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक आणि शास्त्रीय संगीताचे रसिक एकत्र आले की एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मुंबई शाखेत अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या जी. एन. जोशी यांचा विषय हमखास निघतो, आणि बहुतेक वेळा तो ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ सालच्या वाद्यसंगीताच्या एलपीपाशी (एलपी म्हणजे अधिक वेळ वाजणारी ‘लाँग प्ले’ तबकडी) येऊन अडतो. त्या एलपीची कल्पना जोशींची की वादकांची, यावर हिरिरीने मते मांडली जातात. हा वाद रंगतदार असला तरी त्यापायी जोशींच्या कामाचा मोठा भाग दुर्लक्षित राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गायनाला किती वेळ मिळणार आणि तेवढ्या वेळात रागाचे काय ठेवायचे, काय सोडायचे, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांनी कसा हाताळला हे समजून घ्यायचे तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग यांनी भारतातले पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून खड्या आवाजात गावे लागे आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. गाणे संपताच त्या काळची नामांकित गायिका गौहरजान आपले नाव इंग्रजीत पुकारते, ते आज ऐकताना गंमत वाटते. परंतु त्या तबकड्या परदेशी जाऊन छापल्या जात असल्याने गायिका कोण हे तेथील कामगारांना कळण्याची ती सोय होती, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तासभर एक राग मांडणाऱ्या गवयाला हा सगळा प्रकार मानवणारा नव्हता. विद्या चोरीला जाण्याची धास्ती होतीच, पण घड्याळाचा जाचही काही कमी नव्हता. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले, अल्लादिया खाँ १९४६मध्ये. दोघांचाही आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही.

ज्यांनी तबकडीशी जुळवून घेतले त्यांचा प्रभाव मात्र त्यांच्या शिष्यवर्गापलीकडे पोचला. अब्दुल करीम खाँ यांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही तबकडी ऐकून गदगचा एक शाळकरी मुलगा गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघून गेला. तोच पुढे भीमसेन जोशी म्हणून ओळखला गेला. कुमार गंधर्व तर बालपणी नामांकित गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि त्या बळावरच जलसे गाजवत. गुरूसमोर न बसता, केवळ ऐकून गाणे उचलण्याची वाट अशा रीतीने खुली झाली होती. त्यामुळे तबकडीवर काय ठेवले जाते, ही बाब केवळ व्यापाराची उरली नव्हती.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि हळुवार आवाजही टिपता येऊ लागला. मराठी भावगीताचा उगम या तांत्रिक बदलाशी जोडलेला आहे, कारण कानाशी गुणगुणल्यासारखे गाणे कर्ण्यासमोर शक्यच नव्हते. गोविंद नारायण जोशी (१९०९–१९९४) हे याच टप्प्यावरचे गायक. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती, परंतु नाव झाले ते गाण्यामुळे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता त्यांनी स्वतः चाल लावून गायिली आणि १९३०च्या दशकाच्या प्रारंभी निघालेली ती तबकडी महाराष्ट्रभर वाजली. मराठीतील आरंभीच्या भावगीतांत तिची गणना होते. गंगूबाई हनगल तेव्हा ‘गांधारी’ या नावाने गात असत. त्यांच्याबरोबर जोशींनी गायिलेले ‘चकाके कोर चंद्राची’ हे द्वंद्वगीतही संग्राहकांच्या आवडीचे आहे. पुढे ख्यालगायनात भारदस्त आवाजासाठी ख्यातनाम झालेल्या गंगूबाईंचा त्या काळातला पातळ, कोवळा आवाज प्रथमच ऐकणाऱ्याला ओळखू येणे अवघड.

१९३८मध्ये जोशी एचएमव्हीत दाखल झाले. कलावंत हेरणे, त्यांचा होकार मिळवणे, चिजा निश्चित करणे, तालीम घेणे आणि वेळेचा हिशेब बसवणे ही कामे त्यांच्याकडे आली. त्या दिवसांत ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. सुई मेणात चर कोरत जाई. मध्येच ठसका लागला किंवा तबल्याची सम हुकली तर ते मेण वाया जाई आणि पुन्हा आरंभापासून गावे लागे. कोरलेले मेण लगेच वाजवून पाहण्याचीही सोय नव्हती, कारण वाजवले की चर बिघडत. अशा स्थितीत तीन मिनिटे संपत आल्याचा इशारा मिळताच तान आवरून मुखड्यावर यायचे आणि गाणे कापल्यासारखे न वाटता संपवायचे, हे कसब बैठकीच्या गवयाला मुद्दाम कमवावे लागे. जोशींनी स्वतः हे सोसले होते. कंपनीचा माणूस आणि गवई यांच्यात एरवी जे अंतर असते ते त्यांच्या बाबतीत कमी होते, याचे कारण बहुधा हेच असावे.

तीन मिनिटांत राग मांडता येतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या मुद्रिकेत केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि ती साडेतीन मिनिटांचीच आहे. तिच्यात काही राहून गेल्याची भावना होत नाही. परंतु भैरवीतली छोटी रचना वेगळी आणि विलंबित ख्याल वेगळा. एका आवर्तनालाच मिनिटभर लागावे अशा संथ लयीत गाणाऱ्या कलावंताला या तबकडीवर स्थान नव्हते.

ही अडचण एलपीने दूर केली. १९५०च्या दशकात चुंबकीय फीत आली आणि १९६०च्या सुमारास भारतात एलपी रुळू लागली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले, आणि ज्यांचे गाणे जुन्या तबकडीत कोंबता येत नव्हते त्यांच्याकडे वळणे शक्य झाले. ख्यालगायक आमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी १९६०ची. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारव्यात ‘पिया मोरे अनत देस’ ही विलंबित बंदिश आणि त्यानंतर ‘गुरु बिन ज्ञान’. दरबारीत ‘किन बैरन कान भरे’ आणि पुढे ‘यार-ए-मन बिया बिया’ हा तराणा. मारव्याचा प्राण कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात आहे. षड्ज सतत टाळला जातो आणि ऐकणाऱ्याला त्याची आस लागून राहते. ही हुरहूर निर्माण व्हायला अवधी लागतो. झुमरा तालाच्या अतिविलंबित ठेक्यावर आमीर खाँ एकेक स्वर उलगडत जातात तेव्हा घाई कुठेही जाणवत नाही, आणि तरीही वीसएक मिनिटांत राग पुरता उभा राहतो. तासाभराच्या मैफलीचे हे सार आहे. तिची कापलेली प्रत नव्हे.

या एलपीचा गायकांवरील परिणाम मोजण्याचे साधन नाही, पण तो कानाला जाणवतो. आमीर खाँ यांच्या हयातीत त्यांच्या मोजक्याच एलपी निघाल्या आणि १९७४मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. तरी त्यांचा गंडा न बांधलेल्या, म्हणजे त्यांचे रीतसर शिष्य नसलेल्या कितीतरी गायकांच्या मारव्यात त्यांची ठेवण डोकावते. वादकांच्या आलापीतही ती आढळते. या प्रभावाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एलपीच्या एका बाजूत बसणारा, विलंबित, द्रुत आणि प्रसंगी तराणा असा बांधा श्रोत्यांच्या इतका अंगवळणी पडला की पुढे मैफलीतही त्याचीच अपेक्षा धरली जाऊ लागली. याचे श्रेय किंवा दोष एकट्या जोशींना देणे योग्य होणार नाही, कारण हा माध्यमाचाच परिणाम होता. परंतु माध्यम वापरणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

आता ‘कॉल ऑफ द व्हॅली’विषयी. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. तिन्ही प्रमुख वादक तिशीच्या आसपासचे, आणि वाद्येही प्रस्थापित म्हणावीत अशी नव्हती. काश्मीरच्या सूफियाना संगीतातून आलेल्या संतुरावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही म्हणून जाणकार नाके मुरडत. गिटार ही विलायती चीज. बासरीला पन्नालाल घोष यांनी मैफलीत बसवले होते खरे, पण ते १९६०मध्ये निवर्तले होते. अशा तिघांना एकत्र आणून काश्मिरी मेंढपाळाच्या एका दिवसाची कथा रागांतून सांगायची, यात कंपनीच्या दृष्टीने धोका होता. पहाटेच्या अहीरभैरवापासून नटभैरव, पिलू, भूप, देस आणि अखेर पहाडी असा क्रम लावताना कोणता राग दिवसाच्या कोणत्या वेळी गायचा हा रागसमयाचा परंपरागत संकेतच कथेचा कणा झाला आहे. सुमारे चाळीस मिनिटांत सहा राग म्हटल्यावर कोणताच राग पूर्ण विस्तारत नाही, आणि कर्मठ रसिकांचा आक्षेप तोच असतो. पण इथे जोशींचे जुने शिक्षण उपयोगी पडलेले दिसते: थोडक्यात रागाचा चेहरा दाखवून वेळेवर थांबणे. एलपी हाती असूनही ही मुद्रिका वृत्तीने जुन्या तबकडीच्या घराण्यातली आहे. पुढे पाश्चात्त्य देशांतही तिचे चाहते झाले. त्यांत जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, डेव्हिड क्रॉस्बी आणि रॉजर मॅग्विन या रॉक संगीतातल्या कलावंतांची नावे घेतली जातात. शर्मा आणि चौरसिया यांची जोडी नंतर ‘शिव-हरि’ या नावाने १९८१च्या ‘सिलसिला’पासून चित्रपटसंगीतातही आली.

श्रेयाचा वाद न मिटण्याचे कारण त्या काळच्या रिवाजात आहे. तबकडीच्या लेबलावर कलावंत, राग, ताल आणि क्रमांक छापला जाई. ते गाणे कोणी निवडले आणि मुद्रित करून घेतले, याला तेथे जागा नसे. त्यामुळे चाहत्यांची सारी भिस्त जोशींच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींवर आणि १९८४मध्ये निघालेल्या ‘डाऊन मेलडी लेन’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर असते. ही पुस्तके गप्पिष्ट माणसाने रंगवून सांगितलेल्या किश्श्यांनी भरलेली आहेत, शिवाय एकाच पक्षाची आहेत, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागतात. ज्या मुद्रणाचा त्यांत उल्लेख नाही ते केवळ मुंबईत झाले म्हणून जोशींच्या खाती टाकणे, किंवा उल्लेख आहे म्हणून वादकांचे कर्तृत्व वजा करणे, या दोन्ही चुका संग्राहकांच्या चर्चेत नेहमी होतात.